सर्व्हरवर पीजीबॅजर बसवताना आणि काढताना

हापूसचा हंगाम सुरू झाला की वाशीच्या एपीएमसीतल्या फळबाजारात पहाटे चारलाच गजबज असते. पेट्या उतरतात, भाव ठरतात आणि उजाडेपर्यंत शेतकऱ्याच्या हातात हिशेबाची पट्टी पडावी लागते. तिथल्या एका गाळ्याचं सॉफ्टवेअर आम्ही महापेच्या ऑफिसातून सांभाळतो. एका पहाटे त्या गाळ्यावरच्या मेहताजींचा फोन आला, "दादा, शेतकरी समोर उभा आहे आणि स्क्रीनवर नुसतं चक्र फिरतंय." सर्व्हरची मेमरी ठीक होती, सीपीयू ठीक होता. डेटाबेस नेमका कशात गुंतलाय हे मात्र कुणालाच सांगता येत नव्हतं.

अशा वेळी पीजीबॅजर कामाला येतो. पोस्टग्रेस डेटाबेस आपल्या लॉगमध्ये जे लिहून ठेवतो ते वाचून पीजीबॅजर एक एचटीएमएल रिपोर्ट तयार करतो. कोणत्या क्वेरीने, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाने, किती वेळ खाल्ला, कोण कुणाच्या लॉकसाठी अडकून राहिलं, तात्पुरत्या फाइल किती बनल्या, हे सगळं त्यात दिसतं. झील दारोल्ड या फ्रेंच प्रोग्रामरने पर्ल भाषेत लिहिलेलं हे मोफत, मुक्त साधन आहे. त्याला डेटाबेसशी कनेक्शन लागत नाही, पासवर्ड लागत नाही. फक्त लॉगची फाइल लागते.

ऐरोली, महापे, रबाळे या पट्ट्यात नव्याने सर्व्हरच्या कामाला लागलेल्या मुलामुलींसाठी हे लिहितो आहे. हे साधन बसवायला पाच मिनिटं लागतात. पण खरं बसवणं पॅकेजमध्ये नसतं. ते असतं डेटाबेसच्या सेटिंगमध्ये आपण केलेल्या बदलांत. काढताना पॅकेज निघतं आणि ते बदल मागे राहतात. म्हणून कसं काढायचं हे बसवण्याआधी ठरवा. मी हे न ठरवता एकदा मोठं नुकसान केलं आहे, ते पुढे सांगतो.

उदाहरणासाठी उबंटू 24.04 आणि त्यासोबत येणारं पोस्टग्रेस 16 धरलं आहे. कमांड आणि सेटिंगची नावं इथे देवनागरीत आहेत. टर्मिनलवर ती त्यांच्या मूळ रोमन स्पेलिंगने, लहान अक्षरांत टाइप करायची. मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे. अंडरस्कोर दिसेल तिथे अंडरस्कोरच.

आधी आहे ते टिपून ठेवा

काहीही बदलण्यापूर्वी आजची स्थिती कागदावर हवी. पीएसक्यूएल, म्हणजे पोस्टग्रेसशी टर्मिनलवरून बोलण्याचा प्रोग्राम, उघडा आणि हे चालवा:

सिलेक्ट नेम, सेटिंग, सोर्सफाइल फ्रॉम पीजी_सेटिंग्ज व्हेअर नेम लाइक 'लॉग%';

येणारं उत्तर तारखेसह एका फाइलमध्ये ठेवून द्या. तिसरा रकाना महत्त्वाचा आहे, कारण ती सेटिंग कोणत्या फाइलमधून आली हे तो सांगतो. आधीच्या कुणी ऑल्टर सिस्टिम (डेटाबेसच्या आतूनच सेटिंग बदलणारी कमांड) वापरून काही ठरवून ठेवलं असेल तर तिथे पोस्टग्रेसक्यूएल डॉट ऑटो डॉट कॉन्फ हे नाव दिसेल. ती फाइल सगळ्यात शेवटी वाचली जाते, त्यामुळे दुसरीकडे तुम्ही काहीही लिहा, चालणार तिचंच. हे माहीत नसलं की माणूस तासभर योग्य फाइलमध्ये योग्य ओळ लिहून बसतो आणि काहीच बदलत नाही.

सोबत डीएफ डॅश एच चालवून डिस्कवर किती जागा मोकळी आहे तेही बघा. लॉग जिथे लिहिला जातो ती जागा, म्हणजे व्हार-लॉग, आणि डेटाबेसचा डेटा जिथे असतो ते व्हार-लिब एकाच पार्टिशनवर आहेत का, हे नक्की तपासा. लहान कंपन्यांच्या सर्व्हरवर बहुतेक वेळा एकाच पार्टिशनवर असतात. तसं असेल तर लॉग फुगला की त्याची झळ थेट डेटाबेसला बसते.

सेटिंग एकाच वेगळ्या फाइलमध्ये

हा या लेखातला सगळ्यात कामाचा भाग आहे. पोस्टग्रेसच्या मुख्य कॉन्फिग फाइलला हात लावू नका. उबंटू आणि डेबियनच्या पॅकेजमध्ये त्या फाइलच्या शेवटी कॉन्फ डॉट डी या फोल्डरमधल्या फाइल वाचण्याची सोय चालू असते. एट्सी, पोस्टग्रेसक्यूएल, 16, मेन या वाटेने गेलात की तो फोल्डर सापडेल. त्यात 90-पीजीबॅजर डॉट कॉन्फ नावाची नवी फाइल करा आणि आपले सगळे बदल तिच्यातच लिहा:

लॉग_मिन_ड्युरेशन_स्टेटमेंट = 250
लॉग_लाइन_प्रिफिक्स = '%टी [%पी]: यूजर=%यू,डीबी=%डी,अ‍ॅप=%ए,क्लायंट=%एच '
लॉग_लॉक_वेट्स = ऑन
लॉग_टेम्प_फाइल्स = 0
लॉग_ऑटोव्हॅक्यूम_मिन_ड्युरेशन = 0
लॉग_टाइमझोन = 'एशिया/कोलकाता'
एलसी_मेसेजेस = 'सी'

पहिल्या ओळीचा अर्थ असा की 250 मिलिसेकंद किंवा त्याहून जास्त वेळ घेणारी प्रत्येक क्वेरी लॉगमध्ये लिहा. मुळात ही किंमत उणे 1 असते, म्हणजे काहीच लिहू नका. 0 केली तर झाडून सगळं लिहिलं जातं. प्रिफिक्सच्या ओळीत पीजीबॅजरला वेळ आणि प्रोसेसचा क्रमांक या दोन गोष्टी हव्याच असतात, बाकीच्या असल्या तर रिपोर्ट डेटाबेसवार आणि यूजरवार वेगळा काढता येतो. शेवटच्या अवतरणचिन्हाआधी एक मोकळी जागा आहे, ती गाळू नका. ती गाळली की प्रिफिक्स आणि संदेश एकमेकांना चिकटतात आणि पीजीबॅजर गोंधळतो.

लॉकसाठी थांबण्याची नोंद डेडलॉक_टाइमआउटइतका वेळ उलटल्यावर होते. तो मुळात 1 सेकंद असतो, तसाच राहू द्या. एलसी_मेसेजेसमधला 'सी' मोठ्या लिपीतला हवा. तो ठेवण्याचं कारण साधं आहे, पीजीबॅजरला लॉगमधले संदेश इंग्रजीतच कळतात.

टाइमझोनच्या ओळीकडे लोक दुर्लक्ष करतात, म्हणून थोडं थांबतो. क्लाउडवरचे बरेच सर्व्हर यूटीसी वेळेवर असतात. तसं ठेवलं तर बाजारातली पहाटे चारची गर्दी रिपोर्टमध्ये आदल्या रात्री साडेदहाला दिसते. आमच्या गाळ्याच्या पहिल्या रिपोर्टमध्ये नेमकं हेच झालं होतं. रात्री साडेदहाला कोण एवढं काम करतंय म्हणून आम्ही बॅकअपच्या स्क्रिप्टवर संशय घेत बसलो आणि अर्धा दिवस तिच्यामागे गेला.

लॉग_स्टेटमेंट आणि लॉग_ड्युरेशन या दोन सेटिंग यांच्या जोडीला चालू करू नका. तसं केलं तर एकच क्वेरी दोनदा मोजली जाते आणि आकडे चुकतात.

फाइल सेव्ह केल्यावर रीस्टार्टची गरज नाही. सुडो सिस्टिमसीटीएल रीलोड पोस्टग्रेसक्यूएल पुरतं. मग पीएसक्यूएलमध्ये शो लॉग_मिन_ड्युरेशन_स्टेटमेंट असं विचारा. 250 मिलिसेकंद उत्तर आलं की झालं. जुनीच किंमत दिसली तर पीजी_फाइल_सेटिंग्ज या व्ह्यूमध्ये एररचा रकाना बघा, कोणत्या फाइलच्या कोणत्या ओळीत चूक आहे ते तिथे कळतं.

पॅकेज बसवणं

हे खरंच सोपं आहे. सुडो एपीटी अपडेट, आणि मग सुडो एपीटी इन्स्टॉल पीजीबॅजर. झालं. पीजीबॅजर डॅश डॅश व्हर्जन विचारून खात्री करा. ही सतत चालणारी सर्व्हिस नाही, त्यामुळे सिस्टिमसीटीएलमध्ये ती शोधू नका.

नवीनच आवृत्ती हवी असेल तर प्रकल्पाचं टारबॉल उतरवून, उलगडून, त्या फोल्डरमध्ये पर्ल मेकफाइल डॉट पीएल (यातला पहिला एम आणि शेवटचे पी, एल मोठे), मग मेक, मग सुडो मेक इन्स्टॉल अशा तीन पायऱ्या आहेत. तेव्हा फाइल यूएसआर-लोकल-बिनमध्ये जाते. पण सक्तीचं कारण नसेल तर नवख्याने एपीटीचाच रस्ता धरावा, असं माझं स्पष्ट मत आहे. एपीटीने बसवलेलं एपीटी काढून देतं. मेकने बसवलेलं स्वतः शोधून काढावं लागतं.

आणखी एक सुचवतो. शक्य असेल तर पीजीबॅजर डेटाबेसच्या सर्व्हरवर बसवूच नका. लॉगची फाइल एससीपीने आपल्या ऑफिसातल्या मशीनवर आणा आणि तिथे रिपोर्ट काढा. काही जीबींचा लॉग वाचताना तो एक सीपीयू पूर्ण खातो, मेमरीही घेतो. ज्या सर्व्हरवर आधीच ताण आहे तिथेच हे ओझं कशाला? सर्व्हरवरच चालवायचं झालं तर गर्दी ओसरल्यावर आणि नाइस (प्रोग्रामला सीपीयूच्या रांगेत मागे ठेवणारी कमांड) लावून चालवा.

पहिला रिपोर्ट

लॉगची फाइल व्हार-लॉग-पोस्टग्रेसक्यूएल फोल्डरमध्ये पोस्टग्रेसक्यूएल-16-मेन डॉट लॉग या नावाने असते. ती वाचण्याची मुभा एडीएम या ग्रुपला असते. रूटने चालवण्यापेक्षा आपल्या यूजरला त्या ग्रुपात घ्या, सुडो यूजरमॉड डॅश ए जी एडीएम आणि पुढे यूजरचं नाव. त्या पर्यायात ए लहान आणि जी मोठ्या लिपीतला असतो. लॉगआउट करून परत आल्यावरच ते लागू होतं. यूजरला ग्रुपात घेतलंत हे मघाच्या नोंदीत लिहा, काढताना लागणार आहे.

मग पीजीबॅजर, डॅश जे 2, डॅश ओ आणि रिपोर्टच्या फाइलचं नाव, आणि शेवटी लॉगची वाट. डॅश जे 2 म्हणजे दोन सीपीयू वापर. डॅश ओ दिलं नाही तर आउट डॉट एचटीएमएल नावाची फाइल चालू फोल्डरमध्ये पडते. ठरावीक वेळेपुरता रिपोर्ट हवा असेल तर डॅश बीने सुरुवात आणि डॅश ईने शेवट द्या. रिपोर्ट रिकामा आला तर दहातल्या नऊ वेळा लॉगमधला प्रिफिक्स आणि पीजीबॅजरने धरलेला प्रिफिक्स जुळत नसतो. डॅश पी पर्यायाने तो स्वतः सांगा.

आता त्या गाळ्याची गोष्ट पूर्ण करतो, कारण रिपोर्ट कसा वाचायचा ते तिच्यातून कळेल. आम्ही आधी मर्यादा 500 मिलिसेकंद ठेवली होती. रिपोर्ट जवळजवळ कोरा आला. डेटाबेस निर्दोष आहे, नेटवर्क बघा, असं म्हणून विषय बंदही होणार होता. मग दुसऱ्या दिवशी पहाटे पाच दहा ते साडेपाच एवढ्या वीस मिनिटांसाठी मर्यादा 0 केली आणि लगेच पूर्ववत केली. त्या रिपोर्टमध्ये सर्वात संथ क्वेरींच्या यादीत विशेष काही नव्हतं. पण एकूण सर्वाधिक वेळ खाणाऱ्या क्वेरींच्या यादीत अगदी वर एक साधी क्वेरी होती. एका वेळेला 38 मिलिसेकंद, आणि वीस मिनिटांत सुमारे 14,000 वेळा. गुणाकार करा, जवळजवळ नऊ मिनिटं होतात. पट्टी छापताना सॉफ्टवेअर प्रत्येक ओळीसाठी हमालीचा दर पुन्हा पुन्हा विचारत होतं. कितीही पेट्या असल्या तरी दर एकच, पण विचारणं ओळीगणिक. दर एकदाच आणून ठेवला आणि मेहताजींचे फोन थांबले.

म्हणून नवख्यांना सांगणं असं की सर्वात संथ क्वेरींची यादी आधी उघडू नका. एकूण वेळेची यादी आधी, वारंवारतेची मग, आणि संथ क्वेरींची शेवटी. शिवाय मर्यादा 0 ठेवायची ती मोजक्या मिनिटांसाठी, समोर बसून. पोस्टग्रेस 13 पासून नमुन्यादाखल काही टक्केच क्वेरी लिहिण्याची सोयही आहे, लॉग_मिन_ड्युरेशन_सॅम्पल आणि लॉग_स्टेटमेंट_सॅम्पल_रेट या जोडीने. मोठ्या सर्व्हरवर ती वापरा.

हा रिपोर्ट कुणालाही पाठवण्याआधी एकदा उघडून नीट बघा. क्वेरींची उदाहरणं त्यात खऱ्या किमतींसह असतात. आमच्या रिपोर्टमध्ये देवगड, रत्नागिरीच्या बागायतदारांची नावं, मोबाइल आणि बँक खात्याचे क्रमांक दिसत होते. ती माणसं आपल्यावर विसंबून आहेत. डॅश डॅश अ‍ॅनोनिमाइझ लावलं की या किमतींच्या जागी भलतीच अक्षरं येतात. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मूळ रिपोर्ट टाकू नका, सर्व्हरच्या उघड्या वेब फोल्डरमध्ये तर कधीच नको. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा विषय आहेच, पण कायदा नसता तरी हे चूकच.

रोजचा रिपोर्ट हवा असेल तर क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या सोयीत, डॅश मोठा आय आणि डॅश मोठा ओ हे पर्याय लावून एक ओळ टाकतात. रिपोर्ट दिलेल्या फोल्डरमध्ये दिवसवार आणि आठवडावार साठत जातात. डॅश मोठा आर देऊन किती आठवड्यांचे ठेवायचे ते सांगा, नाहीतर ते कायमचे साठत राहतील. यासाठी एसआरव्हीखाली पीजीबॅजर असा स्वतंत्र फोल्डर करा, दुसऱ्या कशात मिसळू नका.

काढताना

माझी चूक इथली आहे. काही वर्षांपूर्वी एका ग्राहकाच्या सर्व्हरवर तपासणी झाली, काम संपलं, मी सुडो एपीटी रिमूव्ह पीजीबॅजर केलं आणि साधन काढलं असं मेलमध्ये कळवलं. लॉग_मिन_ड्युरेशन_स्टेटमेंट मात्र 0 वरच राहिली होती. लॉग वाचणारं कुणी उरलं नव्हतं, लिहिणं जोरात चालू होतं. दोन आठवड्यांनी एका संध्याकाळी घरी जाताना ठाण्याच्या लोकलमध्ये होतो, गाडी घणसोलीला थांबली होती, तेव्हा फोन आला की डेटाबेस बंद पडलाय. डिस्क शंभर टक्के भरली होती. डेटा त्याच पार्टिशनवर असल्यामुळे पोस्टग्रेसला आपली डब्ल्यूएएल फाइल (प्रत्येक बदल आधी जिथे नोंदला जातो ती) लिहिता येईना आणि तो थांबला. त्या लोकांचं रात्रीचं डिस्पॅच अडकलं. ते मला आजही लागून आहे.

त्यामुळे काढण्याचा क्रम उलटा ठेवा. पॅकेज सगळ्यात शेवटी.

सुरुवात क्रॉनपासून. क्रॉनटॅब डॅश एल आपल्या यूजरसाठी, रूटसाठी आणि पोस्टग्रेस यूजरसाठीही बघा. एट्सीमधल्या क्रॉन डॉट डी फोल्डरमध्येही डोकवा. ओळ काढली नाही तर पॅकेज गेल्यावर रोज रात्री अपयशाचा मेल येत राहील.

मग सेटिंग. कॉन्फ डॉट डीमधली आपली 90-पीजीबॅजर डॉट कॉन्फ ही फाइल लगेच पुसण्याऐवजी तिचं नाव बदलून शेवटी डॉट ऑफ करा. पोस्टग्रेस त्या फोल्डरमधल्या डॉट कॉन्फने संपणाऱ्या फाइलच वाचतो, त्यामुळे बाकीची दुर्लक्षित राहते. रीलोड करा. सगळ्या सेटिंग एका झटक्यात आपापल्या जुन्या किमतींवर जातात, एकेक ओळ आठवत बसावं लागत नाही. मग सुरुवातीची तीच पीजी_सेटिंग्जची क्वेरी पुन्हा चालवून उत्तर जुन्या फाइलशी डिफ लावून ताडा. फरक शून्य आला पाहिजे.

शून्य येत नसेल तर दोन जागा तपासा. कुणी ऑल्टर सिस्टिम वापरलं असेल तर ऑल्टर सिस्टिम रीसेट आणि पुढे सेटिंगचं नाव, मग रीलोड. ऑल्टर डेटाबेस वापरून एकाच डेटाबेसला वेगळी मर्यादा दिली असेल तर पीएसक्यूएलमध्ये बॅकस्लॅश डीआरडीएस टाइप केल्यावर ती दिसते. तीही रीसेट करा. ही दुसरी जात चकवणारी आहे. ती नव्या कनेक्शनलाच लागू होते, म्हणून कनेक्शन पूल वापरणारं, म्हणजे उघडलेली कनेक्शनं पुन्हा पुन्हा वापरणारं, अ‍ॅप जुनी कनेक्शनं सोडेपर्यंत लॉग तसाच वाढत राहतो.

लॉग फुगलेला असेल तर आरएमने पुसू नका. पोस्टग्रेसने ती फाइल उघडी धरलेली असते. नाव जातं, जागा मोकळी होत नाही आणि डीएफ तोच आकडा दाखवतो. सुडो ट्रंकेट डॅश एस 0 आणि फाइलची वाट, असं केलं की ती जागच्या जागी रिकामी होते. अर्थात त्याआधी लॉगची कुणाला गरज नाही ना, ते विचारून घ्या.

त्यानंतर रिपोर्टचा फोल्डर. जे ठेवायचं ते ग्राहकाला विचारून दुसरीकडे हलवा, बाकी पुसा. आरएम डॅश आरएफ लिहिण्याआधी त्याच वाटेवर एलएस चालवून नजर टाका. यूजरला एडीएममध्ये आपण घेतलं असेल तर सुडो जीपासडब्ल्यूडी डॅश डी, यूजर, एडीएम. तो आधीपासूनच त्या ग्रुपात असेल तर राहू द्या. उबंटू बसवताना तयार झालेला पहिला यूजर बहुधा असतोच, म्हणून तर नोंद ठेवायची.

आता पॅकेज. सुडो एपीटी पर्ज पीजीबॅजर. लगेच ऑटोरिमूव्हला होकार देऊ नका, यादीत पर्लची कोणती मॉड्यूल जाणार आहेत ती वाचा आणि दुसरी एखादी स्क्रिप्ट त्यांच्यावर चालत नाही ना ते बघा.

मेकने बसवलं असेल तर सुडो मेक अनइन्स्टॉल करून बघाल, आणि फसाल. तो काढतच नाही. असं काढणं धोक्याचं असल्याने ते केलं नाही एवढं सांगतो आणि कोणत्या फाइल काढायच्या त्यांची यादी छापतो. त्या यादीतल्या फाइल एकेक करून हाताने पुसायच्या, साधारणपणे एक प्रोग्राम, एक मॅन्युअलचं पान आणि पॅकलिस्टची फाइल. शेवटी टाइप डॅश ए पीजीबॅजर विचारा. एपीटीची आणि मेकची अशा दोन्ही प्रती सर्व्हरवर असतील तर इथे यूएसआर-लोकल-बिनची आणि यूएसआर-बिनची अशा दोन्ही वाटा दिसतात, आणि एक प्रत काढल्यावर दुसरी उत्तर देत राहते. सापडत नाही असं उत्तर आलं की ती बाजू संपली.

दुसऱ्या दिवशी गर्दीच्या वेळी एलएस डॅश एल एच लावून लॉगचा आकार बघा, तासाभराने परत बघा. वाढ नेहमीइतकीच असेल तर डॉट ऑफ केलेली ती फाइल पुसा आणि मगच ग्राहकाला मेल लिहा. त्या मेलमध्ये पॅकेजचं नाव, पूर्ववत केलेल्या सेटिंगची यादी आणि या दोन वेळचे लॉगचे आकडे लिहून द्या.